१७ वर्षांचा, सव्वासहा फुटी, अंग झोकून खेळणारा बास्केटबॉल फॉरवर्ड: याची पुढची वाट कशी आखायची? (इंदूर)

रामबागकर

नमस्कार मंडळी. आमच्या क्लबातला एक मुलगा आहे. वय १७, उंची १९० सेंमी, वजन ७८ किलो, पॉवर फॉरवर्ड (रिंगजवळ खेळणारा) म्हणून खेळतो. रोजचा सराव सिमेंटच्या कोर्टवर, स्पर्धा असली की रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर. लूज बॉलवर सगळ्यात आधी हाच पडतो, चौघांच्या गर्दीत घुसून रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा परत उडालेला बॉल) काढतो, आपला बॉल गेला की परत धावण्यात पहिला. पॉइंट फारसे करत नाही, पण तो बाहेर बसला की संघ ढिला पडतो हे स्पष्ट दिसतं.

आता अडचण. तिसरा क्वार्टर संपायच्या आत चार फाऊल झालेले असतात. पाच फुटांच्या बाहेरून शॉट नाही. आणि गेला महिनाभर डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय.

त्याच्या डोक्यात अमेरिकेच्या एनबीए लीगमधला डेनिस रॉडमन आहे. घरच्यांचा प्रश्न नोकरीचा आहे, आणि तो रास्त आहे. अशा खेळाडूची कारकीर्द खरोखर कशी उभी राहते, आणि १९० सेंमीत फॉरवर्ड म्हणून पुढे जागा आहे का? "मेहनत कर" हे सोडून काही ठोस सांगा, मेहनत तो करतोच आहे.

वीकसाइड

रॉडमनपासूनच सुरू करू. मुलं त्याचे रंगवलेले केस बघतात, काम बघत नाहीत.

१९८६ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) तो दुसऱ्या फेरीत, २७ वा निवडला गेला. तेव्हा त्याचं वय २५ होतं आणि उंची २०१ सेंमी, म्हणजे तिथल्या पॉवर फॉरवर्डच्या मानाने कमीच. तरी १९९१-९२ ते १९९७-९८ असे सलग सात हंगाम रिबाउंडमध्ये तोच पहिला. १९९१-९२ मध्ये सामन्यामागे सरासरी १८.७ रिबाउंड. पाच अजिंक्यपदं: १९८९ आणि १९९० डेट्रॉइटकडून, १९९६ ते १९९८ शिकागोकडून. आणि कारकिर्दीतली पॉइंटची सरासरी ७.३. तुमच्या मुलाला हा शेवटचा आकडा आधी दाखवा.

हे नुसत्या उडीवर झालेलं नाही. वॉर्म-अपला तो सहकाऱ्यांचे शॉट बघत उभा राहायचा. कुणाचा बॉल हवेत किती फिरतो, चुकला तर रिंगला लागून कुठल्या बाजूला निघतो, हे त्याने पाठ केलं होतं. हा अभ्यास इंदुरातही करता येतो, त्याला खर्च नाही. संघातल्या प्रत्येक शूटरचे पाच जागांवरून चुकलेले वीस-वीस शॉट वहीत नोंदवायला सांगा: बॉल कुठे पडला, किती लांब पडला. काही गोष्टी लगेच दिसतील. कॉर्नरचा चुकलेला शॉट बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला निघतो. लांबचा शॉट लांब उडतो. सपाट जाणारा शॉट रिंगला जोरात आदळून फ्री थ्रो लाइनपर्यंत येतो, उंच कमानीचा जवळ पडतो. म्हणजे शॉट सुटताक्षणी कुठे धावायचं हे अर्धं ठरलेलं असतं.

मग बॉक्स आऊट, म्हणजे समोरच्याला अंगाने अडवून रिबाउंडपासून लांब ठेवणं. इथे जवळजवळ सगळी मुलं एकच चूक करतात. शॉट सुटला की मान वर करून बॉल बघत राहतात. बॉल हवेत असतो तेवढा वेळ माणूस शोधायचा. आधी हाताची घडी करून पुढचा बाहू त्याच्या छातीला टेकवायचा, ढकलायचा नाही. मग त्याच्या मार्गात पाय टाकून वळायचं आणि कंबर खाली घेऊन त्याच्या मांडीवर बसायचं. हात वर, कोपर खांद्याच्या रेषेत. त्याचं वजन पाठीवर जाणवलं की मगच बॉल बघायचा. ताठ उभं राहून बॉक्स आऊट केलं तर ७० किलोचा पोरगाही सहज सरकवतो.

दुसरी चूक: रिंगच्या अगदी खाली जाऊन उभं राहणं. तिथे फक्त जाळीतून पडलेला बॉल मिळतो. रिंगपासून दीड-दोन मीटरवर माणूस अडवून धरायचा. बॉल मिळाला की हनुवटीखाली, दोन्ही हातांनी घट्ट, आणि खाली आणायचा नाही. कमरेपर्यंत आणला की छोटा गार्ड (बॉल खेळवणारा खेळाडू) येऊन काढून नेतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

उंचीबद्दल खरं सांगायचं तर राष्ट्रीय पातळीवर १९० सेंमीचा पॉवर फॉरवर्ड कमी पडतो. तिथे समोर दोन मीटरचे असतात. म्हणून मी त्याच्यापुढे रॉडमनच्या शेजारी पी. जे. टकर ठेवेन. उंची १९६ सेंमी. टेक्सास विद्यापीठात पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, खेळणारा गाजलेला खेळाडू, २००६ मध्ये टोरोंटोने ३५ वा निवडला, १७ सामने खेळवून सोडून दिला. पुढची पाच वर्षं इस्राएल, युक्रेन, ग्रीस, इटली, पोर्टो रिको, जर्मनी. २०१२ मध्ये फिनिक्सने त्याला परत एनबीएत आणलं. ह्यूस्टनमध्ये तो कॉर्नरमधला तीन पॉइंटचा शॉट आणि कुणालाही अडवायची तयारी यावर टिकला. २०२० मध्ये तर त्या संघाने खरा सेंटर सोडून देऊन यालाच मध्ये उभं केलं. २०२१ मध्ये मिलवॉकीकडून अजिंक्यपद, तेव्हा वय ३६. कष्ट त्याने पहिल्या दिवसापासून केले होते. तरी नोकरी टिकली ती कष्टाला एक शॉट जोडल्यावर.

शिट्टी

फाऊलबद्दल मी लिहितो.

चार फाऊल म्हणजे "आक्रमक खेळतो" असं समजून सोडून देऊ नका. पुढच्या पाच-सहा सामन्यांत त्याचा प्रत्येक फाऊल लिहून काढा: कोर्टवर कुठे झाला, हात होता की अंग, बॉल आमच्याकडे होता की त्यांच्याकडे. अशा मुलांचे निम्मे फाऊल रिंगपासून लांब, काही गरज नसताना झालेले निघतात. गार्ड ड्रिबल करत समोरून चाललाय आणि याने खाली हात घातला. तो हात बंद केला तरी सामन्यामागे एक-दोन फाऊल वाचतात.

पाठीवरचा फाऊल. नियमात "पाठीवरून उडी" असा वेगळा फाऊल नाही, धक्का हा फाऊल आहे. मागे उभा राहून सरळ वर उडी मारली आणि लांब हाताने बॉल काढला तर मी शिट्टी वाजवणार नाही. पण छाती पुढच्याच्या पाठीवर टेकली आणि तो पुढे कलंडला, की वाजणारच. मागे अडकला असाल तर वरून जायचं नाही, बेसलाइनच्या बाजूने फिरून पुढे यायचं. तेही जमत नसेल तर एका हाताने बॉल बाहेर टॅप करायचा. आक्रमणातला टॅप सहकाऱ्याच्या हातात गेला तरी संघाला शॉटसाठी १४ सेकंद नवे मिळतात, रिबाउंड कुणाच्या नावावर लागला याला महत्त्व नाही.

स्क्रीन, म्हणजे सहकाऱ्याला मोकळं करायला समोरच्या खेळाडूच्या वाटेत उभं राहणं. समोरचा उभा असेल आणि त्याला दिसत असेल, तर कितीही जवळ लावा, धक्का देऊ नका. त्याला न दिसता मागून लावत असाल तर एक साधं पाऊल टाकायची जागा द्यावी लागते. आणि स्क्रीन लागल्यावर कंबर बाहेर काढायची नाही. जोरकस खेळणारी मुलं नेमकं हेच करतात, कारण समोरचा निसटतोय हे त्यांना सहन होत नाही.

चार्ज (बॉल घेऊन येणाऱ्याने धडकून केलेला फाऊल) घ्यायचा असेल तर दोन्ही पाय जमिनीवर, तोंड समोरच्याकडे, धक्का छातीवर. रिंगखालच्या १.२५ मीटरच्या अर्धवर्तुळात उभं राहून चार्ज मिळत नाही, उलट ब्लॉकिंगचा (वाट अडवल्याचा) फाऊल लागू शकतो. पायाखाली रेष कुठे आहे हे न बघता मुलं धाडकन पडतात आणि मग पंचांकडे बघत बसतात.

रॉडमनचं नाव निघालंच आहे म्हणून: जानेवारी १९९७ मध्ये कोर्टशेजारी बसलेल्या कॅमेरामनला लाथ मारली म्हणून त्याच्यावर ११ सामन्यांची बंदी आली होती. आपल्याकडे एक टेक्निकल (गैरवर्तनाचा) आणि एक अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्ती सोडून केलेला) असे फाऊल मिळून खेळाडू थेट बाहेर जातो. जोर आणि राग वेगळे ठेवायला १७ व्या वर्षी शिकला तर शिकला, पुढे फार अवघड होतं.

जिना_चढताना

फिजिओ म्हणून लिहिते आहे. गुडघा न तपासता निदान करणार नाही, पण एक गोष्ट घरीच बघता येते. त्याला एका बोटाने दुखरी जागा दाखवायला सांगा. बोट वाटीच्या खालच्या टोकावर गेलं तर तिथल्या जाड पट्ट्यावर, म्हणजे पटेलर टेंडनवर, ताण आलेला असण्याची शक्यता जास्त. बोट त्याहून खाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर गेलं तर वाढीच्या वयातला हाडाचा त्रास असू शकतो. दोन्हींत गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे.

पहिलं, म्हणजे टेंडन, धरून सांगते. अशा गुडघ्याला पूर्ण विश्रांती दिली तर तीन आठवड्यांत बरं वाटतं आणि कोर्टवर परतल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा दुखतं, कारण दरम्यान टेंडनची ताकद आणखी कमी झालेली असते. भार मोजून द्यायचा असतो. उड्या मोजा. सरावात साठ-सत्तर पूर्ण ताकदीच्या उड्या, आठवड्यात दोन दिवस, बाकी दिवशी पाय जमिनीवर ठेवून शूटिंग आणि पायांची हालचाल. सिमेंटवर रोज दोन तास रिबाउंडचा सराव करून घेत असाल तर तो आजच थांबवा.

दुखणं शमवायला आयसोमेट्रिक, म्हणजे न हलता ताण धरून ठेवायचा व्यायाम: जाड पट्टा खांबाला बांधून दोन्ही गुडघ्यांमागून घ्यायचा, मागे रेलून अर्ध्या बैठकीत ४५ सेकंद थांबायचं, दोन मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा. पाठ सरळ, नडगी उभी. हे सरावाआधीही चालतं. त्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस वजन घेऊन संथ स्क्वॉट: खाली जायला तीन सेकंद, वर यायला तीन. सुरुवात पंधरा वेळा जमेल अशा वजनाने, मग हळूहळू वजन वाढवत आठ-सहापर्यंत. फरक पडायला बारा आठवडे धरा. दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं तर भार कमी करा. बर्फ आणि टेपने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, बाकी काही होत नाही.

बोटांबद्दलही सांगून ठेवते, रिबाउंडरना हे हटकून होतं. बोटाच्या टोकावर बॉल आपटून शेवटचं पेर खाली वाकलं आणि आपणहून सरळ होत नसेल, तर "मुरगळलं" म्हणून ओढू नका. एक्स-रे काढून स्प्लिंट लावावी लागते, सहा ते आठ आठवडे सलग. मधे एकदाही पेर वाकलं तर मोजणी पहिल्यापासून.

रामबागकर

मनापासून आभार. बोट वाटीच्या खालच्या टोकावरच जातं, आजच विचारलं. सोमवारपासून उड्या मोजतो.

दोन गोष्टी राहिल्या. वजन वाढवायचं का? घर शाकाहारी आहे, सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी वरण-भात-पोळी. आणि नोकरीचं कुणी सांगेल का?

फॉर्म_नंबर_दोन

नोकरीचं आधी. आपल्याकडे व्यावसायिक लीग येतात आणि जातात. यूबीए २०१५ ला सुरू झाली, २०१७ नंतर थांबली. पुढे थ्री-बाय-थ्रीची (तिघा-तिघांच्या खेळाची) लीग आली, मग आयएनबीएल. त्यावर घर चालेल असं धरू नका. भारतात बास्केटबॉलपटूचा खरा आधार म्हणजे खात्याचे संघ: रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक, आयकर, पोलीस. अमज्योत सिंगसारखा २०३ सेंमीचा फॉरवर्ड लुधियानाच्या अकादमीतून निघून जपानमध्ये आणि २०१७ मध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून अमेरिकेच्या डेव्हलपमेंट लीगमध्ये खेळला. २०१४ च्या वुहानमधल्या आशिया कपात चीनला ६५-५८ हरवणाऱ्या भारतीय संघात तो होता. अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्या चांगल्या खेळाडूंची कारकीर्द खात्याच्या नोकरीवरच उभी आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही.

इंदूर पश्चिम रेल्वेच्या रतलाम मंडलात येतं. रेल्वेच्या खेळाडू भरतीची वयोमर्यादा साधारण १८ ते २५, आणि कामगिरी अलीकडच्या वर्षांतली लागते. १९ व्या वर्षी मिळवलेलं पदक २४ व्या वर्षी कामाला येत नाही, इथेच अनेक मुलं अडकतात. जाहिरात दरवर्षी नीट वाचा, कारण जागा पोझिशनप्रमाणे निघतात. ज्या वर्षी त्यांना गार्ड हवा असतो त्या वर्षी फॉरवर्ड कितीही चांगला असो, घेत नाहीत.

कागद आत्तापासून जमवा. सरकारी नमुन्यातली प्रमाणपत्रं लागतात: राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळल्यास फॉर्म २, तो राज्य संघटनेकडून. आंतरविद्यापीठ स्पर्धेला फॉर्म ३, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून. शालेय राष्ट्रीयला फॉर्म ४, शिक्षण खात्याकडून. स्पर्धा संपल्यावर त्याच महिन्यात सही-शिक्का घ्या. दोन वर्षांनी पदाधिकारी बदललेले असतात आणि मग हेलपाटे. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर एकच हवं. आपल्याकडे मधलं नाव, म्हणजे वडिलांचं, एका कागदावर असतं आणि दुसऱ्यावर नसतं. ते आजच दुरुस्त करून घ्या.

आणि कॉलेज सोडू देऊ नका. देवी अहिल्या विद्यापीठाच्या संघात आला तर पश्चिम विभाग आणि तिथून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, हा त्याच्यासाठी सर्वांत जवळचा रस्ता आहे. पदवी असली तर वरच्या पगारश्रेणीचं दारही उघडं राहतं.

सयाजीगंज_कॉर्नर

बडोद्याहून लिहितोय. वर टकरबद्दल लिहिलंय त्याला पूर्ण सहमती, फक्त तो शॉट शिकवायचा कसा हे राहिलं.

कॉर्नरमध्ये तीन पॉइंटची रेषा आणि साइडलाइन यांत ९० सेंमीचा पट्टा असतो. रिंगकडे तोंड केलं की पायाची लांबी त्याच पट्ट्यात जाते, १२ नंबरचा बूट तीसएक सेंमी खातो. मागे सरकून शॉट घ्यायची सवय असलेला मुलगा इथे हमखास साइडलाइनवर टाच टाकतो आणि बॉल समोरच्या संघाला जातो. म्हणून पास यायच्या आधी पाय लावून ठेवायचे, गुडघे वाकलेले, हात तयार. बॉल आल्यावर खाली बसायचं नाही. तिथून बोर्ड फक्त कडेने दिसतो, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो आणि शॉट बहुधा आखूड पडतो. रिंगच्या पुढच्या कडेवर नजर न लावता मागच्या कडेवर लावायला सांगा.

सहा फुटांपासून सुरू करा. दहापैकी आठ गेले की एक पाऊल मागे. आपल्याकडे कॉर्नरचं अंतर ६.६ मीटर आहे, तिथे पोहोचायला पाच-सहा महिने लागू द्या. घाईने मागे गेला की खांद्यातून ढकलायला लागतो आणि ती सवय मोडायला वर्ष जातं. रोज दोन्ही कॉर्नरमधून शंभर-शंभर, त्यातले निम्मे कोर्टच्या दोन धावा मारून आल्यावर लगेच. सामन्यात ताज्या पायांनी शॉट मिळत नाही.

आणि थ्री-बाय-थ्री खेळवा. १९० सेंमीच्या जोरकस फॉरवर्डला तो प्रकार फार मानवतो. दहा मिनिटं किंवा २१ पॉइंट, शॉटसाठी १२ सेकंदांचं घड्याळ, आणि वैयक्तिक फाऊल मोजून बाहेर काढत नाहीत, संघाचे मोजतात. सातव्या फाऊलपासून दोन फ्री थ्रो. तिथे प्रत्येक जण सगळ्यांना अडवतो, त्यामुळे गार्डसमोर पाय हलवायला शिकेल. फक्त मोठ्या स्पर्धेच्या महिनाभर आधी बंद करा, नाहीतर हात घालायची सवय पाचाच्या खेळात घेऊन येईल.

जिना_चढताना

वजनाबद्दल. वाढवा, पण वर्षाला चार-पाच किलोपेक्षा जास्त नाही, आणि गुडघा शांत झाल्यावर. नुसतं वजन वाढलं तर प्रत्येक उडीला तेच टेंडन जास्त ओढलं जातं. युडोनिस हॅस्लमचं उदाहरण बघा: २००२ मध्ये कुणीच निवडला नाही, फ्रान्समध्ये एक हंगाम खेळताना त्याने वजन *उतरवलं*, मग मायामीत आला आणि २००३ ते २०२३ अशी वीस वर्षं एकाच संघात राहिला. तीन अजिंक्यपदं, आणि निवृत्त झाला तेव्हा मायामीच्या इतिहासात सर्वाधिक रिबाउंड त्याच्या नावावर.

७८ किलोला दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पुरतं. शाकाहारी घरात असं जमतं: दूध पाऊण लिटर म्हणजे २४-२५ ग्रॅम, पनीर दीडशे ग्रॅम म्हणजे २५-२७, कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅम म्हणजे २५-२६, आठ पोळ्यांतून वीस-बावीस, घट्ट वरणाच्या दोन वाट्या १२-१४, मूठभर शेंगदाणे सात-आठ. पोहे बंद करायची गरज नाही, पण त्यात प्रोटीन नावालाच. शेंगदाणे वाढवा आणि सोबत दुधाचा मोठा ग्लास द्या. जिलेबी सामन्याच्या दिवशी चालेल, रोज नको. सोया आधी कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्या, नाहीतर वास येतो म्हणून मुलगा दोन दिवसांत सोडून देतो.

रामबागकर

ताई, शेवटचं विचारतो. तो पट्टा कुठला घ्यायचा? जिमचा रबर बँड चालेल का?

जिना_चढताना

रबर बँड ताणला जातो, आपण मागे रेलतो तसा सरकतो आणि नडगी उभी राहत नाही. न ताणणारा पट्टा हवा. ट्रकवर सामान बांधायचा सुती किंवा नायलॉनचा पट्टा सियागंजात मिळतो, तीन मीटरचा घ्या, पाच सेंमी रुंद. गुडघ्यामागे टॉवेलची घडी ठेवा, नाहीतर कातडीला काचतो. खांब जमिनीत पक्का रोवलेला असला पाहिजे. बास्केटबॉलच्या बोर्डाचा चाकांवरचा स्टँड यासाठी मुळीच वापरू नका, मुलगा मागे रेलला की तो पुढे सरकतो.